बाबा, खरखर गेलेली नाहीये

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोन न करता एवढं लांबलचक लिहितेय म्हणून घाबरू नका, इकडे सगळे ठीक आहेत, चिऊचा खोकला पण थांबला. लिहायचं कारण एवढंच की फोनवर बाबा तुम्ही दोनदा 'हो हो' म्हणता आणि 'घे, आईशी बोल' करून फोन देऊन टाकता, मग जे तुमच्याशी बोलायचं असतं तेच राहून जातं. आई, तू हे त्यांना वाचून दाखवू नकोस. टॅबवर अक्षर मोठं करून दे आणि त्यांचं त्यांना वाचू दे.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते. येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता नाशकात कॉलेज रोडला कानाच्या तपासणीची वेळ घेतलीये, आधी कानाचे डॉक्टर बघतील आणि मग तिथेच ऑडिओलॉजिस्ट ऐकण्याची टेस्ट करतील. पैसे भरून झालेत. ऐकायचं मशीन लागलं तर त्याचीही सोय करून ठेवलीये, किंमत विचारायची नाही. तुम्हाला न विचारता ठरवलं हे चुकलंच, मला कळतंय, तुमच्या पेन्शनीतून तुम्ही आजवर आमच्याकडे एक रुपया मागितला नाहीत आणि मी अशी परस्पर ठरवून मोकळी झाले. पण विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात संक्रांत होऊ दे, मग उन्हाळा संपू दे, मग पाऊस, आणि मी पण पुण्यात बसून दर वेळी 'बरं' म्हणाले असते. ते 'बरं' मला या वेळी म्हणायचं नव्हतं.

दिवाळीच्या पाडव्याचा दिवस आठवतोय ना? गणपतीपासून तुम्ही म्हणत होतात की रेकॉर्ड बसल्यासारखी वाजते, शब्द गिळते, पिन घासली असेल. म्हणून मी पिन आणली. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून ती बसवलीत, तलत महमूदची ईपी, ती छोटी रेकॉर्ड, कडेला धरून जुन्या धोतराच्या फडक्याने पुसलीत, तशीच, आतून बाहेर, खोबणीच्या वळणानं, आणि पिन टेकवलीत. मी आणि आई दिवाणावर. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि किती खूश होऊन म्हणालात, 'बघ, पिन बदलली की कसा फरक पडतो, खरखर एकदम गेली!'

बाबा, खरखर गेलेली नव्हती. होती तशीच होती, गाण्याच्या आधी तर केवढी तरी, पातळ पोहे भाजताना येतो तसा आवाज, तुम्हीच मला लहानपणी सांगायचात की आता पोहे भाजून झाले की तलत येणार. मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे बघितलं, आणि ती उठून आत गेली. मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला सगळी मंडळी जमलेली असताना मी 'बाबा, किती मोठ्यानं लावलंय हो' म्हणून तुमच्यासमोर आवाज कमी केला. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसते गॅलरीत जाऊन उभे राहिलात. मला ते इतके दिवस टोचतंय. चुकले मी. मला माहीत असून मी तसं केलं.

मी इथे एका ओळखीच्या डॉक्टरांशी नीट बोलून घेतलंय. वयानुसार कान कमी होतो म्हणजे सगळाच आवाज सारखा कमी होत नाही. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ, थ ही अक्षरं तिथलीच, त्यामुळे आवाज तर येतो पण शब्द हातातून निसटतो, आणि म्हणून चिऊ तुम्हाला पुटपुटल्यासारखी वाटते आणि मला तुम्ही म्हणता तू हल्ली फार भरभर बोलतेस. चिऊ पुटपुटत नाही हो, ती बिचारी ओरडूनच बोलत असते. त्यात तुम्ही सातपूरच्या कारखान्यात ३१ वर्षं पॉवर प्रेसच्या आवाजात काढलीत, तेव्हा कानात घालायचे बोळे कोण देत होतं! त्या तसल्या आवाजानं आधी साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं कमी होतं म्हणे, आणि मोटारी, ढोल, खालचे सूर चांगले ऐकू येत राहतात, म्हणून माणसाला स्वतःला वर्षानुवर्षं कळतच नाही. तुमचं काहीच चुकलेलं नाहीये. आणि कदाचित निम्मं नुसता मळ साठल्यामुळे पण असेल, तेही डॉक्टर आधी बघतीलच, तेव्हा आत्तापासून चेहरा पाडून बसू नका.

आईनं मला तुमच्या गाण्याच्या कट्ट्याचं पण सांगितलंय, तिच्यावर रागावू नका, मीच खोदून खोदून विचारलं. रविवारच्या कराओकेला तुम्ही जात नाही हे मला माहीत होतं पण तुम्ही गुडघ्याचं कारण सांगितलं होतंत. ट्रॅकवरची मधली बासरी संपलेली कळली नाही, एंट्री चुकली, दोन ओळी पुढे गेल्या आणि सगळ्यांनी तरी टाळ्या वाजवल्या, त्या टाळ्या तुम्हाला लागल्या ना? मलाही लागल्या असत्या. जो माणूस आयुष्यभर रेडिओबरोबर गाऊन कधी सम चुकला नाही त्याला सांभाळून घेतलेलं कसं आवडेल.

आणि बाबा, मला तुम्ही परत गायला हवे आहात कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय. ओरिजिनल ते ओरिजिनल, कव्हर म्हणजे उष्टं, हे तुमचं म्हणणं. तुम्ही रविवारी तलत गाता ते काय आहे मग? कव्हरच की! बारावीत मी यूबी फोर्टी या बँडचं 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह' दिवसभर लावायचे तेव्हा तुम्ही देवळाली कॅम्पातून जुन्या सामानात घेतलेली एल्विसची रेकॉर्ड काढून माझ्यासमोर ठेवलीत, 'हे ऐक, हे १९६१ चं, तुझं ते १९९३ चं, झेरॉक्स.' मी तेव्हा रागानं दार आपटलं होतं. आता मी शोधून काढलंय. एल्विसनं 'ब्लू हवाई' पिक्चरमध्ये म्हटलेल्या त्या गाण्याची चाल मूळची त्याची नाहीच, ती १७८४ च्या एका फ्रेंच गाण्यावरून घेतलेली आहे, मार्टिनी नावाच्या संगीतकाराच्या. आणि तुमचं लाडकं 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा', 'छाया'मधलं, ते पण १९६१ चंच, आणि त्याची सुरुवात सलीलदांनी, म्हणजे सलील चौधरींनी, मोझार्टच्या ४० व्या सिम्फनीवरून घेतली, ती १७८८ ची. म्हणजे एकाच वर्षातली तुमची दोन्ही जीव की प्राण गाणी पावणेदोनशे वर्षं जुन्या चालींवर उभी आहेत. तुम्ही म्हणाल ती प्रेरणा. म्हणा. पण मला खरंच वाटतं की गाणं दुसऱ्या गळ्यात गेलं की त्यातली एखादी वेगळीच जागा उजेडात येते. एल्विस ते झुलवत म्हणतो, आपल्या दादऱ्यासारखं, आई मला झोपवायची तसं, आणि यूबी फोर्टी तेच रेगेच्या ठेक्यात बसवतात आणि ते एकदम रस्त्यावरून चालत जाताना म्हणायचं गाणं होतं. दोन्ही खरी. सगळीच कव्हरं चांगली असतात असं मी म्हणतच नाही, नुसता मागे धडधड ठेका चिकटवलेली रिमिक्सं मलाही नाही सहन होत, तिथे मी तुमच्या बाजूची. पण हे सगळं तुमच्याशी समोर बसून भांडायचंय, आणि भांडायला तुम्हाला दोन्हीमधला फरक ऐकू यायला पाहिजे.

'कुंकू'चं मात्र मला फार वाईट वाटलं. लहानपणी सुट्टीत तुम्ही तो व्हीसीआरवर लावायचात आणि आम्हाला गप्प बसवायचात, ऐका म्हणायचात, १९३७ चा पिक्चर आहे आणि शांतारामबापूंनी याला पार्श्वसंगीत दिलेलंच नाही, जे ऐकू येतं ते घरातलेच आवाज. आणि आई वाट बघायची ती शांता आपटेंच्या इंग्रजी गाण्याची, लाँगफेलोच्या त्या कवितेची, आणि भाकरी थापता थापता म्हणायची की त्या काळातली बाई बघा कशी खणखणीत इंग्रजी गाते. मला त्या पिक्चरमधलं घड्याळ तुमच्यामुळे कळलं. या दिवाळीत लावला तेव्हा तुम्ही मला विचारलंत, 'यातलं घड्याळ वाजायचं ना गं? ही कॉपी खराब दिसतेय.' मी 'हो, खराब आहे' म्हणाले. खोटं बोलले. कॉपी चांगली होती.

पांडवलेणीखालच्या फाळके स्मारकात नेलंत की दर वेळी तुम्ही तेच सांगायचात, आपल्या त्र्यंबकला जन्मलेला माणूस, १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' काढतो, इथे नाशकातच जातो, आणि त्या पिक्चरचे आज थोडेच भाग शिल्लक आहेत. आणि मग 'आलम आरा', १९३१, पहिला बोलपट, त्याची एकही प्रत उरली नाही, पहिला आवाजच हरवला म्हणून तुम्ही खरोखर हळहळायचात, मी बोरं खात असायचे. तो कुणालाच परत आणता येणार नाही. पण तुमच्या रेकॉर्डी कपाटात जागच्या जागी आहेत बाबा, गाणी पूर्ण आहेत, पिन नवी आहे. एवढंसं काहीतरी मध्ये आलंय, आणि ते बऱ्यापैकी दूर करता येतं.

आता मशीनबद्दल. ते पूर्वीसारखं शर्टाच्या खिशात डबी आणि वायर असं नसतं, कानामागे असतं, केसांत दिसत पण नाही, आणि दिसलं तरी काय, चष्मा नाही का दिसत. पहिले काही दिवस त्रास होईल हे आधीच सांगते. भांडी आपटल्यासारखी वाटतील, वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी कानाशी खसफस होईल, स्वतःचाच आवाज डबड्यातून आल्यासारखा वाटेल. ते बिघडलंय असं नाही, इतके दिवस न आलेले आवाज मेंदूला परत ओळखायचे असतात. रोज थोडा वेळ, मग वाढवत न्यायचं. आणि दोन-तीनदा जाऊन सेटिंग करून घ्यावं लागतं, कपडे शिवताना फिटिंगला जातो तसं.

गाण्यांचं मी खास विचारून घेतलंय, कारण मला माहितीये तुम्ही तेच विचारणार. ही मशीनं मुळात माणसाचं बोलणं ऐकायला केलेली असतात. बासरीचा किंवा व्हायोलिनचा लांब सूर आला की कधी कधी त्यांना ती स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ती दाबायला बघतात, मग सूर थरथरल्यासारखा येतो. म्हणून गाण्यांसाठी वेगळा प्रोग्राम करून घ्यायचा असतो, बटण दाबलं की बदलतो. शनिवारी तुम्ही लाजून गप्प बसू नका, तिथे स्पष्ट सांगा की मी गाणी ऐकतो आणि गातो, ते जमलं पाहिजे. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगीन. तरी तरुणपणीच्या कानासारखं अगदी तस्संच येईल असं नाही, खोटी आशा लावत नाही, पण शब्द येतील. तलतचे शब्द तरी येऊ देत.

घरातलं काहीही हलणार नाहीये, प्लेअर खिडकीपाशीच राहील, तुमची खुर्ची तिथेच, दुपारचा चहा साडेतीनलाच. फक्त आईला प्रत्येक डायलॉग परत ओरडून सांगावा लागणार नाही, तिचा घसा बसलाय ते तुमच्या लक्षात आलंय का? ती म्हणते थंडीमुळे. थंडीमुळे नाही.

आता काही सूचना, चिडायचं नाही. तपासणी होईपर्यंत कानात तेल, काडी, चावी काहीही घालायचं नाही. बीपीची गोळी शनिवारी पण घ्यायची, तपासणी आहे म्हणून उपाशी राहायची गरज नाही. जुने रिपोर्ट निळ्या पिशवीत काढून ठेवा. आई, तुझी शुगर पण त्याच दिवशी करून घेऊ, नाही म्हणू नकोस, मी यादीत लिहिलंय. मी शुक्रवारी रात्री नऊपर्यंत पोचते, वाटेत संगमनेरला चहाला थांबेन, जेवायला माझ्यासाठी थांबू नका, पिठलं झाकून ठेव फक्त आणि वर थोडं कच्चं तेल. चिऊ पण येतेय, तिला आजोबांबरोबर गायचंय, कोणतं ते मला सांगत नाही.

तुमची,
मनू

ता. क. एल्विसची रेकॉर्ड आणि माझी ती यूबी फोर्टीची कॅसेट माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. काढायला स्टुलावर चढायचं नाही बाबा. मी आल्यावर काढते.