सागाच्या वाणांची वाढ आणि कीडप्रतिकार तपासण्यासाठी सहकार्याचे आवाहन

नाशिककर बंधू-भगिनींनो,

पेठ, सुरगाणा आणि हरसूलच्या डोंगरांत साग हे नेहमीच्या पाहण्यातले झाड आहे. तथापि लागवडीसाठी आपण जी रोपे आणतो, त्यांचे बी कोणत्या डोंगरावरच्या कोणत्या झाडाचे, याची नोंद बहुधा कोणाकडेच नसते. म्हणून आमच्या वृक्षसंवर्धन समितीने ठिकठिकाणच्या सागाची, म्हणजेच त्याच्या वेगवेगळ्या वाणांची, तुलनात्मक लागवड करण्याचे ठरवले आहे.

सागाची पाने खाणाऱ्या दोन अळ्या मुख्य आहेत. पहिली पावसाळ्याच्या सुरुवातीस कोवळी पालवी फस्त करते आणि पानाची कड कातरून, दुमडून, त्या घडीत लपून बसते. दुसरी पावसाळा सरताना जून पानांतला हिरवा गर खाते. असे पान उजेडात धरले तर केवळ शिरांची जाळी दिसते. दुसरीचे नुकसान डोळ्यांत अधिक भरते, पण आम्हाला काळजी पहिलीची आहे, कारण केरळातील निलंबूरच्या कोवळ्या सागवनातील अभ्यासात तिच्यामुळे लाकडाच्या वाढीत सुमारे ४४ टक्के घट आढळली होती.

एका वाणाची सगळी झाडे एकाच कोपऱ्यात लावली आणि कीड नेमकी तिथेच उतरली, तर दोष विनाकारण वाणावर येतो. त्यामुळे प्रत्येक वाणाची झाडे शेतभर विखरून लावली जातील. फवारणी केली जाणार नाही. उंची, बुंध्याचा घेर आणि खाल्लेल्या पानांचे प्रमाण यांच्याबरोबर पालवी फुटण्याची तारीखही लिहिली जाईल, कारण अळी येण्यापूर्वीच पाने जून झालेले झाड केवळ वेळेमुळे वाचलेले असू शकते.

या कामासाठी त्र्यंबकेश्वरकडील भरपूर पावसाच्या पट्ट्यात एक आणि सिन्नरच्या कोरड्या भागात एक, अशी प्रत्येकी एक एकर जमीन किमान आठ वर्षांसाठी हवी आहे. मालकी अर्थातच आपलीच राहील. कुंपण आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांतील पाणी हा मोठा खर्च असून त्यासाठी देणगी द्यावी. देणगीची पावती मिळेल व हिशेब वार्षिक सभेत मांडला जाईल. आपल्या बांधावर सरळ खोडाचा, निरोगी जुना साग असल्यास त्याचे बी ठिकाण आणि तारखेच्या चिठ्ठीसह, इतर झाडांच्या बियांत न मिसळता द्यावे. नोंदी घेण्यासाठी पावसाळ्यात दर पंधरवड्याला एक सकाळ देऊ शकणारे विद्यार्थी व शेतकरीही हवे आहेत.

बी पेरल्यापासून लागवडीजोगे स्टंप (खोड व मुळे छाटलेली रोपे) तयार होण्यास सुमारे वर्ष लागते, म्हणून बी फेब्रुवारीअखेरपर्यंत समितीकडे पोहोचवावे.