कॅसेट अजून माझ्याकडेच आहे, दादा

दादा,

हे पत्र पंचवीसेक वर्षं आधीच लिहायला हवं होतं, राहूनच गेलं. काल रात्री त्या अमेरिकन रॉक गायकाचा, ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' अल्बम परत ऐकत बसलो आणि म्हटलं आता लिहूनच टाकू.

तुला आठवत नसेल, पण हॉस्टेलवर तू ती कॅसेट पहिल्यांदा लावलीस तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं, ना ड्रम ना बँड, एक माणूस गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन गुणगुणतोय, हा कसला रॉक? त्यात मी मराठी मिडियमचा, त्याचं ते तोंडातल्या तोंडातलं इंग्लिश मला ओ की ठो कळेना. मग तू 'हायवे पॅट्रोलमन' लावलंस आणि कीर्तनकार मधेच पेटी थांबवून आख्यान सांगतो ना, तसं दर दोन ओळींना पॉज दाबून मला मराठीत सांगत गेलास. जो रॉबर्ट्स पोलिसात, भाऊ फ्रँकी कायम लफड्यात. फ्रँकी १९६५ला आर्मीत गेला, जो मात्र शेतीमुळे सक्तीच्या लष्करभरतीतून सुटला, त्याने मारियाशी लग्न केलं, मग गव्हाचे भाव पडत गेले म्हणून ही नोकरी धरली. एका रात्री बारमध्ये एक पोरगा रक्तबंबाळ पडलेला, मारणारा फ्रँकी. जो गाडी काढतो, पाठलाग करतो, कॅनडाची बॉर्डर ५ मैलांवर आल्यावर गाडी बाजूला घेतो आणि भावाचे टेललाइट दिसेनासे होईपर्यंत नुसता बघत राहतो. इथे तू पॉज दाबला नाहीस. थँक्स त्याबद्दल खास.

मग तूच सांगितलंस की हा अल्बमच नव्हता, जानेवारी १९८२मध्ये न्यू जर्सीच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेला डेमो होता, नंतर बँडबरोबर वाजवून बघितलं तर मजा येईना, शेवटी जी कॅसेट तो बिनकव्हरची खिशात घालून फिरत होता तीच बाजारात आली. (आणि तू तुझी कॅसेट उन्हात राहिली तरी ओरडायचास!)

'यूज्ड कार्स'च्या वेळी मी एकदम गप्प झालो होतो, तू विचारलंस पण मी बोललो नाही. बाप जुनी गाडी घ्यायला गेलाय, सेल्समन त्याच्या हातांकडे बघतोय, पोरगा हे सगळं बघतोय. आमच्या बाबांनी सेकंड हँड लुना आणली होती आणि मी ती शाळेच्या गेटच्या बरंच आधी थांबवायला लावायचो. एवढंच होतं.

एका गोष्टीवर मात्र मी अजून ठाम आहे. शेवटचं 'रीझन टू बिलीव्ह' तुला आशेचं गाणं वाटायचं. अरे, हायवेवर मेलेल्या कुत्र्याला काठीने ढोसत उभा राहिलेला माणूस, ही कसली आशा, थट्टाच आहे ती! पटत नसेल तर भांडायला ये, चहा माझ्याकडून. कॅसेट परत मिळणार नाही.