मोडून दाखवलेल्या सळीबद्दल

आदरणीय मिस्त्रीमामा,

सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते तर "आधी चहा घे" म्हणून तुम्ही विषय मिटवला असता. म्हणून लिहितोय, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय.

माझी ड्रिल जिग (भोकं नेमक्या जागी पाडायचा साचा) आणि व्ही ब्लॉक (गोल वस्तू धरायचा खाचेचा ठोकळा), दोन्ही घरच्या शेडमध्ये एमएसमधून, म्हणजे माइल्ड स्टील या साध्या मऊ पोलादातून केलेले. एमएसमध्ये कार्बन जेमतेम ०.२ टक्के, त्यामुळे नुसतं तापवून पाणी दिलं, म्हणजे पाण्यात बुडवून झटकन थंड केलं, तर ते कडक होत नाही. वरच्या थरात कार्बन मुरवायचा, तेवढाच थर कडक करायचा आणि आतला गाभा चिवट ठेवायचा, एवढं वाचून माहीत होतं. ज्याचा हात यावर बसलाय असा माणूस हवा होता. त्यासाठी उद्यमनगर, म्हणजे आमच्याकडची कारखान्यांची वसाहत, पालथं घातलं. एकानं वस्तू हातातसुद्धा न घेता "ईएन एट आणा" (म्हणजे जास्त कार्बनचं, थेट कडक होणारं पोलाद) म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्यानं पैसे घेऊन नुसत्या काळ्या करून परत दिल्या. घरी कानस लावली तर ती पहिल्यासारखीच चावली. तिसरा म्हणाला, सायनाइडचं मीठ आणा आणि घरीच वितळवा. शेडमध्ये लहान पोरं येतात-जातात, हे त्याला सांगितलं होतं! त्या सल्ल्याचा संताप अजून गेलेला नाही.

आणि मग तुम्ही. आयुष्य हीट ट्रीटमेंटच्या भट्टीपुढे काढून निवृत्त झालेला माणूस, माझ्या दोन फुटकळ वस्तूंसाठी सगळा रविवार देता. लोखंडी डबा, लोणारी कोळशाचा चुरा, झाकणाभोवती मातीचं लिंपण, नऊशे अंशांच्या वर तासन्‌तास धग. ती कृती इथं सांगत बसत नाही.

सांगायचंय ते सळीचं. डबा लिंपण्याआधी तुम्ही विचारलंत, "ह्याच बारचा तुकडा उरलाय का?" बोटभर सळी होती, ती तुम्ही माझ्या वस्तूंशेजारी कोळशात पुरलीत. पाणी दिल्यावर सगळ्यात आधी तीच घेतलीत. ग्राइंडरनं खाच पाडून, व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरून मोडलीत आणि मोडलेलं तोंड माझ्या तळहातावर ठेवलंत. कडेनं बारीक दाण्याचं गुळगुळीत राखी कडं, साधारण मिलिमीटरभर. आत तसाच भरड गाभा. "बघ, कार्बन हितवर गेलाय. आता माझ्यावर विश्वास ठेवायची गरज न्हाई."

मामा, असं कुणी म्हणत नाही हो. अर्धवट माहिती असलेले छातीठोक बोलतात, आणि खरी माहिती असलेले बरेचसे ती मुठीत झाकून ठेवतात. तुम्ही मात्र माझ्यासारख्या हौशी माणसाला पुरावा दिलात, तोही न मागता. आपल्या कामाची पारख समोरच्याला करू देणारी माणसं आहेत, म्हणून या गावातली कारागिरी पुढच्या हातात जाते, असं मला मनापासून वाटतं.

व्ही ब्लॉक पाण्यात किंचित ओढला, म्हणजे वाकला होता, तो तुम्ही सांगितलंत तसा घासून सरळ केलाय. जिगच्या भोकांवर आता कानस नुसती घसरते.

मामींना नमस्कार. कोळशाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते मी त्यांच्या हातात देणार आहे. तेव्हा मध्ये पडू नका.

तुमचा,
रविवारवाला भाचा