फोटो नसलेली मूर्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी गेलेली मूर्ती परत आली की आपण आनंद मानतो. ती गेली कशी, याची चौकशी मात्र फारशी होत नाही. म्हणून इटलीतली एक हकिकत वाचकांपुढे ठेवतो.

१९६४ साली फानो गावच्या मच्छीमारांच्या जाळ्यात एका ग्रीक तरुणाची कांस्यमूर्ती सापडली. सरकारला वर्दी न देता ती कोबीच्या शेतात पुरून ठेवली गेली. पुढे गुब्बिओ गावच्या व्यापाऱ्यांनी ती ३५ लाख लिरांना घेतली. त्यांच्यावर खटला झाला, पण १९७० मध्ये ते पुराव्याअभावी सुटले. पुरावा कुठून असणार? मूर्तीच गायब होती! १९७१ मध्ये ती 'आर्टेमिस' या कलाव्यापाऱ्यांच्या भागीदारी कंपनीकडे गेली, म्युनिकमध्ये साफ झाली आणि १९७७ मध्ये ३९ लाख ५० हजार डॉलरना अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने विकत घेतली. प्रत्येक हाताला नवी पावती मिळाली. देशाबाहेर नेण्याचा परवाना मात्र कुणाकडेच नव्हता. भागीदारीत हेच होते: पैसा सगळ्यांचा, जबाब कुणाचाच नाही. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जप्तीचा हुकूम कायम केला आणि मे २०२४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही इटलीची बाजू उचलून धरली. साठ वर्षे गेली!

याउलट तामिळनाडूतल्या श्रीपुरंथनचा नटराज. देवळातून चोरलेली ही चोळकालीन मूर्ती न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्यामार्फत ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये सुमारे ५० लाख डॉलरना घेतली. पण पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने १९९४ मध्ये ती देवळातच असताना तिचे फोटो काढून ठेवले होते. ते पुढे आले आणि २०१४ मध्ये नटराज भारतात परतला.

आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष व कलानिधी कायदा आहे. शंभर वर्षांपूर्वीची मूर्ती खासगी व्यापाऱ्याला परदेशी नेताच येत नाही आणि अशा मूर्तींची फोटोसह नोंदणीही कायद्यात आहे. कायदा चांगला आहे, पण आमच्या गावच्या ग्रामदैवताच्या आवारात पिंपळाखाली टेकवलेल्या विष्णूमूर्तीचा एकही फोटो कुणाच्या दप्तरी नव्हता. उद्या ती ट्रकमधून गेली असती, तर ती आमचीच, हे आम्ही कशाच्या जोरावर सांगितले असते? गेल्या महिन्यात पुजारीकाकांना सोबत घेऊन मी तिचे चारही बाजूंनी फोटो काढले, उंची-रुंदी मोजली, तुटलेल्या हाताची खूण लिहिली आणि एक प्रत ग्रामपंचायतीत दिली. एवढ्याला एक सकाळ पुरली.

राज्याच्या पुरातत्त्व विभागाला विनंती आहे की, या कामासाठी एक साधा छापील नमुना गावोगावच्या ग्रामपंचायतींना पाठवावा. इतिहास शिकणारी कॉलेजची मुले सुटीत ही नोंद आनंदाने करतील. भरलेले नमुने जिल्ह्याच्या ठिकाणी एकत्र ठेवले जावेत, म्हणजे पोलिसांना आणि कस्टमला ते लगेच हाती येतील.

आपला,
एक वाचक, सातारा जिल्हा