स्क्रीन माझ्याकडे वळवणाऱ्या भाऊंस

आदरणीय भाऊ,

बाबांच्या संगणकात अडकलेल्या फायली आपण वाचत्या करून दिल्यात, त्याच्या आभाराचे हे पत्र. आपले नाव कुठेही लिहायचे नाही, अशी आपण ताकीद दिली होती, म्हणून लिहीत नाही. नागपूरच्या महाल भागातला तो अरुंद जिना चढून आपल्याकडे आलेल्यांना ते ठाऊक आहे, आणि इतरांचे त्यावाचून अडण्यासारखे काही या पत्रात नाही.

माझे बाबा काटोल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. सुट्टीच्या दिवशी सायकल काढायची, आसपासच्या गावांत जायचे, आणि म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या आणि शेतीभातीतले वऱ्हाडी शब्द उतरवून घ्यायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम होता. निवृत्तीनंतर नागपुरात आल्यावर त्यांनी तो सगळा संग्रह स्वतः संगणकावर टाइप केला. गेल्या वर्षी ते गेले, आणि मागे उरलेल्या फायली उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांच्या खुणा यांची गिचमीड तेवढी दिसत होती. बाबांनी ज्या सॉफ्टवेअरवर काम केले होते, ते संगणकाच्या पाठीमागे एक हार्डवेअर लॉक लावल्याशिवाय सुरूच होत नसे. तो लॉक हरवलेला नव्हता, पण तो लावायचे पॅरलल पोर्ट आता नव्या संगणकांना सहसा नसते.

त्यानंतर मी जिथे जिथे गेले, तिथल्या वागणुकीविषयी लिहिल्याशिवाय आपले आभार पुरे होणार नाहीत. ज्या कंपनीने हे सॉफ्टवेअर बाबांना विकले होते, तिने ती आवृत्ती बंद झाली आहे, नवी घ्या, मात्र जुन्या फायली तीत उघडतील याची हमी देता येणार नाही, असे उत्तर दिले. बाबांचे स्वतःचे लिखाण वाचण्यासाठी पुन्हा पैसे भरायचे, आणि तरीही ते वाचता येईलच असे नाही, हा व्यवहार चमत्कारिक आहे याची पुसटशी जाणीवही त्या उत्तरात नव्हती. सीताबर्डीवरच्या एका दुकानदाराने संगणक आत नेला, आतल्या आत काहीतरी केले, आणि बाहेर येऊन ‘डेटा करप्ट आहे’ एवढे तीन शब्द बोलला. एका टायपिंग केंद्राने घरात सापडलेल्या छापील पानांवरून नव्याने टाइप करून द्यायचे कबूल केले, आणि बाबांनी कानाने ऐकून जपलेला ‘डोया’ सगळीकडे ‘डोळा’ केला, ‘शाया’ची ‘शाळा’ केली. वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो हे नागपुरात बसून मराठी टाइप करणाऱ्यांना माहीत नसावे, यावर मी मराठी शिकवत असूनही काय बोलावे ते मला सुचले नाही.

मग आपल्याकडे आले. आपण काय काय केलेत त्याचा तपशील मी इथे देत नाही, कारण त्यातले निम्मेच मला सांगता येईल. मला लिहायचे आहे ते त्याआधी घडले त्याविषयी. बाबांची डिस्क जोडण्यापूर्वी आपण टेबलावरचा मॉनिटर दोन्ही हातांनी उचलून माझ्या बाजूला वळवलात, भिंतीलगतच्या खुर्चीवरचा वायरींचा ढिगारा खाली ठेवलात, ती खुर्ची आपल्या खुर्चीला लावलीत आणि म्हणालात, “ताई, इकडे बसा. बाबांचं आहे, तुमच्यासमोरच उघडू.” आणि खरोखरच प्रत्येक फोल्डरपाशी थांबून “उघडू का?” असे विचारत राहिलात. एका फोल्डरचे नाव ‘खाजगी’ होते. मी नको म्हटले. आपण पुढे गेलात, आणि त्यावर एक शब्दही बोलला नाहीत.

भाऊ, बाबा गेल्यानंतर बँकेत, कचेऱ्यांत आणि दुकानांत मी पुष्कळ टेबलांसमोर उभी राहिले. प्रत्येक ठिकाणी स्क्रीनची पाठ माझ्याकडे होती. पलीकडचा माणूस तिच्यात पाहून मान हलवायचा किंवा ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणायचा, आणि सिस्टीमला नेमके काय घेता येत नाही हे विचारण्याची सोय नसायची. इतवारीच्या सराफ्यात आजही चांगला सराफ काट्याचा आकडा गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवतो. तेवढी साधी रीत संगणकाच्या व्यवहारातून कशी काय उठून गेली, हा प्रश्न मला आपल्या खोलीत बसल्यावर पहिल्यांदा पडला.

काम चालू असताना आपण मुक्त सॉफ्टवेअरविषयी जे बोलत होतात, ते मला कळले ते त्या वळवलेल्या स्क्रीनमुळेच. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरच्या एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत एक प्रिंटर सारखा अडकायचा. तो सुधारायला त्याने सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, मागितला, तर ज्याच्याकडे तो होता त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. पुढे १९८३ साली स्टॉलमनने सगळ्यांना मुक्तपणे वापरता येईल अशी संगणकप्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सचे लिनक्स, म्हणजे अशा प्रणालीचा गाभा, आले, आणि आज बाबांचा जुना संगणक ज्या डेबियन या मुक्त प्रणालीवर चालतो आहे ते या दोहोंच्या जोडीतून उभे राहिले. प्रोग्रॅम हवा त्या कामासाठी चालवता यावा, तो कसा चालतो हे पाहून बदलता यावा, त्याची प्रत दुसऱ्याला देता यावी आणि आपण केलेली सुधारणाही वाटता यावी, हे चार हक्क आपण बोटांवर मोजून दाखवलेत. मला त्यातला दुसरा सर्वांत मोलाचा वाटतो. बाबांच्या फायली अडकल्या होत्या त्या तो हक्क नसल्यामुळे. कंपनीने आपल्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते, आणि कोणत्या जागी कोणता तुकडा आहे हा तक्ता स्वतःजवळच ठेवला होता.

हा तक्ता आपण माझ्याकडून करून घेतलात, हे मी जन्मभर विसरणार नाही. छापील पान एका बाजूला आणि गिचमीड दुसऱ्या बाजूला ठेवून आपण एकेका खुणेवर बोट ठेवायचा, मी अक्षर सांगायचे. अर्धा ‘त’, काना, मग पूर्ण ‘त’. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते म्हणून जुन्या फाँटमध्ये ती आधी साठवलेली होती, तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सामाईक असलेल्या खुल्या अक्षरतक्त्यात, उच्चाराप्रमाणे व्यंजन आधी आणि वेलांटी नंतर लागते. रफाराचे बरोबर उलटे, ‘धर्म’ जुन्या फायलीत ध, म आणि मग रफार असा, आणि युनिकोडमध्ये ‘म’च्या आधी ‘र्’. इतकी वर्षे व्याकरण शिकवताना आपली लिपी इतक्या जवळून पाहायची वेळ माझ्यावर आली नव्हती. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, हे आपण सांगितलेत तेव्हा मला जो राग आला तो अजून ओसरलेला नाही. म्हणजे बाबा ज्या काळात टाइप करत होते त्या काळात हा खुला मार्ग निदान कागदावर तरी तयार होता, आणि तरीही मराठीची किती स्मरणिका, प्रबंध आणि गावांचे इतिहास अशा बंद फाँटांत निजून राहिले असतील, त्याची गणती कोण करणार?

सार्वजनिक पैशाविषयीचे आपले मत मला पूर्ण पटते. सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे असे केंद्र सरकारचे धोरण २०१५ पासून आहे, केरळच्या सरकारी शाळांतली मुले त्याहीआधीपासून त्यावरच शिकत आहेत, आणि आपल्याकडे मात्र चालता संगणक भंगारात निघतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला म्हणून लोकांनी टाकलेले संगणक गोळा करून वसतिगृहातल्या मुलांसाठी पुन्हा उभे करण्याचे काम आपण त्या खोलीत करता, तेही कोणाची पावती न फाडता.

एका बाबतीत मात्र आपले माझे जमायचे नाही, आणि आभाराच्या पत्रात ते लपवणे मला बरे वाटत नाही. व्हॉट्सॲप वापरणाऱ्या माणसाला आपण जवळजवळ गुन्हेगार समजता. त्या दिवशी आपल्याकडे आलेल्या आशाताईला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतल्या त्या सेविकेला, आपण जे ऐकवलेत ते तिच्या वाट्याचे नव्हते. तिला कामाचे आदेशच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतात. ग्रुप सोडला तर तिचे मानधन अडेल. ज्या अधिकाऱ्याने सरकारी काम एका परदेशी कंपनीच्या ॲपवर नेऊन ठेवले, त्याला बोला, मी आपल्यासोबत येते आणि निवेदनही लिहून देते. ज्याला निवड करता येते त्याच्याकडूनच निवडीचा हिशेब मागावा, एवढेच माझे म्हणणे आहे. आपण माझ्या वडिलांचे ‘खाजगी’ फोल्डर न उघडता पुढे गेलात, तेवढीच मुभा त्या बाईलाही द्यायला हवी होती.

पैशांचा विषय आपण काढू दिला नाहीत. त्याऐवजी संग्रह तपासताना चूक दिसली तर कळवा, असे म्हणालात, म्हणून कळवते. र-ह जोडाक्षरातला आडवा ‘र’ सगळीकडे रफार होऊन आला आहे, त्यामुळे ‘चऱ्हाट’ बिघडले आहे, आणि गंमत म्हणजे खुद्द ‘वऱ्हाड’ हा शब्दही ‘वर्हाड’ असा उमटतो आहे. त्या जागी साधा ‘र’ न घालता खाली टिंब असलेला ‘ऱ’ घालायला हवा. आपण दिलेल्या तक्त्याच्या फायलीत मी तशी एक ओळ वाढवली आणि फायली पुन्हा बदलून पाहिल्या. ‘वऱ्हाड’ नीट आले, ‘धर्म’ आणि ‘सूर्य’ही होते तसेच राहिले. सुधारलेला तक्ता ईमेलने पाठवला आहे. ‘ऱ्य’ असलेले शब्द, म्हणजे ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, अजून तपासायचे आहेत. ते या रविवारी करते आणि कळवते.

आपली कृतज्ञ,
काटोलच्या गुरुजींची मुलगी
नागपूर