नववीतल्या पोरांना भूक लागत नाही का?

संपादक साहेब, नमस्कार.

मी आमच्या गावच्या झेडपी शाळेत खिचडी शिजवते. आठ वर्षं माझा पोरगा माझ्याच पातेल्यातलं जेवला, मागच्या जूनला नववीसाठी तालुक्याच्या हायस्कूलला गेला कारण आमची शाळा आठवीपर्यंतच. पहिल्याच आठवड्यात मधली सुट्टी झाली तसा हा सवयीनं दप्तरातनं ताटली काढून खिचडीच्या रांगेत जाऊन बसला, वाढणाऱ्या ताईंनी विचारलं कितवी रे, हा म्हणाला नववी, तर त्यांनी डाव परत पातेल्यात ठेवला आणि पाचवीची पोरं खो खो हसली. घरी येऊन त्यानंच हसत सांगितलं, आम्ही पण हसलो. दुसऱ्या दिवशी शाळेत तांदूळ धुताना मात्र माझा हात चालेना.

सकाळी आठची एसटी, घरी यायला सहा वाजतात. मी दोन भाकरी देते, पण वर्गातली बरीच पोरं डब्याशिवाय येतात, मग एका डब्यात चार हात. एकदा सायन्सला ध्वनीचा धडा चालू होता, सर म्हणाले गप बसा आणि काय काय आवाज येतात ते ऐका, सगळा वर्ग चिडीचूप आणि शेजारच्या पोराचं पोट एवढं गुरगुरलं की सर पण हसले. नंतर त्यांनी स्वतःच्या डब्यातली पोळी त्याला दिली. देवमाणूस, पण त्यांचा डबा किती जणांना पुरणार?

दोष शाळेचा नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो ६ ते १४ वर्षांच्या पोरांसाठी, पोषण आहारही आठवीपर्यंतच. सहावी ते आठवीला रोज १५० ग्रॅम तांदूळ आणि नववीला काहीच नाही, फुकट पुस्तकं पण तिथंच बंद. आणि नेमकी याच वयात पोरं वाढतात हो, वर्षभरात त्याची पँट मी दोनदा उसवून लांब केलीय! मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत फ्री आहे, फार चांगलं केलंय ते, मग जेवण आठवीलाच का थांबवायचं? तामिळनाडू, कर्नाटकात दहावीपर्यंत देतात. आपल्या हायस्कूलात पाचवी ते आठवीसाठी चूल रोज पेटतेच, तांदूळ-डाळ वाढवा आणि आम्हा बायकांचं मानधन पण बघा.

एवढं तुमच्या पेपरातनं मंत्रालयापर्यंत पोचवा. पोरगा आता दहावीला गेलाय, त्याच्या वेळेला काही होईल असं वाटत नाही, पण धाकटी सातवीत आहे.

एक आई, भोर तालुका