भंगारात निघालेला संगणक गाण्यासाठी ठेवावा

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अद्यतने बंद झाल्यापासून आमच्याकडच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत एकच सल्ला ऐकू येतो: जुना संगणक एक्सचेंजमध्ये द्या आणि नवा घ्या. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी घेतलेली यंत्रे त्या कसोटीला उतरत नाहीत, हे खरेच आहे. परंतु बँकेच्या व्यवहारांसाठी ज्या यंत्रावर विसंबता येत नाही, ते गाणी ऐकायला आणि चित्रपट पाहायला अजून कितीतरी वर्षे पुरते, ही गोष्ट ना दुकानदार सांगतो, ना वर्तमानपत्रांची तंत्रज्ञानविषयक सदरे.

माझा डेस्कटॉप २०१५ चा, चौथ्या पिढीचा आय-थ्री आणि ४ जीबी रॅम असलेला. दुकानदाराने त्याचे बाराशे रुपये देऊ केले. ते न घेता मी त्यात एक एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली, लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली घातली, जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क गाण्यांच्या साठ्यासाठी तशीच ठेवली आणि एचडीएमआय केबलने संगणक बैठकीतल्या टीव्हीला जोडला. (लिनक्सची धास्ती वाटणाऱ्यांनी विंडोज १० ठेवायला हरकत नाही, मात्र मग त्या यंत्राचे इंटरनेट तोडावे.) चित्रपटांसाठी व्हीएलसी हे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते लागणारे बहुतेक सगळे कोडेक (दाबून साठवलेले चित्रण आणि आवाज उलगडणारे प्रोग्रॅम) स्वतःसोबत आणते, त्यामुळे पूर्वीसारखे कोडेक पॅक धुंडाळत आणि त्यांच्यासोबत व्हायरस घरात घेत बसावे लागत नाही. १०८० पिक्सेलचे, एच.२६४ या रूढ पद्धतीने साठवलेले चित्रण या यंत्रावर विनाअडथळा चालते; ४के दर्जाचे, एचईव्हीसी या नंतरच्या पद्धतीचे चित्रण मात्र अडखळते, कारण ते उलगडणारी सोय त्या पिढीच्या चिपमध्येच नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो. बत्तीस इंची टीव्हीवर त्याने काही बिघडत नाही.

खरी कसोटी आवाजाची असते. ॲम्प्लिफायर जोडल्याबरोबर स्पीकरमधून सतत ‘घूं’ असा आवाज येऊ लागला, तेव्हा घरी आलेल्या वायरमनने संगणकाच्या तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकण्याचा उपाय सुचवला. हा उपाय जिवावर बेतू शकतो; तो कोणीही करू नये. संगणकाचे अर्थिंग एका वाटेने आणि टीव्हीला आलेल्या केबलचे दुसऱ्या वाटेने जमिनीला गेले, की त्या दोहोंत जे वर्तुळ तयार होते, त्यातून विजेची ५० हर्ट्झची गुरगुर आवाजात शिरते. मी टीव्हीची केबल क्षणभर उपसून पाहिली तर गुरगुर थांबली, आणि त्या केबलवर आयसोलेटर, म्हणजे ते वर्तुळ तोडणारे छोटे उपकरण, बसवल्यावर ती पुन्हा आली नाही.

दुसरा धडा कॅसेटींनी दिला. घरात साठ मिनिटांच्या शंभरेक कॅसेटी आहेत, त्यांत वडिलांनी रेडिओवरून टिपलेल्या काही मैफली. कॅसेट डेकची वायर मी आधी संगणकाच्या गुलाबी भोकात घातली आणि आवाज फाटलेला आला. गुलाबी भोक माइकचे असते, डेकची वायर निळ्यात, म्हणजे लाइन-इनमध्ये, घालायची असते. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पट्टी लाल होणार नाही एवढी पातळी ठेवून सीडीच्या दर्जाने, म्हणजे ४४,१०० हर्ट्झ आणि १६ बिटने, ध्वनिमुद्रण केले तर एका तासाला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. तीच फाइल फ्लॅक या फाइल-प्रकारात साठवली की जागा बरीच वाचते आणि आवाजातले काहीही गळत नाही. एमपी३ च्या फाइलीत सुरुवातीला आणि शेवटी किंचित रिकामी जागा भरली जाते, त्यामुळे विलंबित आणि द्रुत वेगळ्या फाइलींत ठेवले तर काही प्लेअरमध्ये सांध्यावर लय तुटते. फ्लॅकमध्ये ही अडचण नाही.

हे सगळे प्लेअर रचले आहेत ते मात्र अल्बम आणि गायक या दोन खणांवर. रागाला त्यांत जागाच नाही. मी गाण्यांसाठी स्ट्रॉबेरी नावाचा प्लेअर ठेवला असून त्यातील ‘जॉनर’च्या (संगीतप्रकाराच्या) खणात देवनागरीत रागाचे नाव लिहितो, आणि त्यानुसार यादी लावली की घरात असलेले सगळ्या गायकांचे मारवे एकाखाली एक दिसतात. नावांचे लेखन मात्र आधी ठरवून घ्यावे, कारण एका फाइलीला ‘यमन’ आणि दुसरीला ‘इमन’ लिहिले की संगणक ते दोन राग समजतो. आमच्याकडे तर एकदा ‘भूप’ आणि ‘भूपाळी’ असे दोन ढीग झाले होते.

आपल्या पुरवणीत नव्या संगणकांच्या परीक्षणांना पान-पान मिळते. त्यातील एखादा रकाना जुन्या यंत्रांच्या अशा वापराला द्यावा, आणि तो एक्सचेंजच्या जाहिरातीशेजारी छापायला आपली हरकत नसावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज